प्रश्न गळून जातात

कोर्टातल्या फायलीतून कुठलीही साक्ष काढून वाचा. ‘मी आरोपीला ओळखतो. घटनेच्या वेळी मी घरासमोर उभा होतो. मला आरडाओरडा ऐकू आला. मी त्या दिशेने गेलो.’ वाचताना वाटतं, माणूस पिंजऱ्यात आला, शपथ घेतली आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. असं कधी होत नाही. या चार वाक्यांमागे दहा-बारा प्रश्न असतात. त्यातल्या एकदोन प्रश्नांवर समोरच्या वकिलाने हरकत घेतलेली असते, एखाद्याला साक्षीदाराने भलतंच उत्तर दिलेलं असतं, आणि एकदा तरी तो नुसतं ‘आँ?’ म्हणालेला असतो.

मला हे माहीत आहे कारण नोकरीची सगळी वर्षं मी स्टेनो म्हणून न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून काढली. आमच्याकडे साक्ष बहुतेक वेळा निवेदनासारखी उतरवतात. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, साहेब दोन्ही ऐकून मनाशी एक वाक्य जुळवतात आणि ते मला सांगतात. प्रश्न तिथेच गळून जातो. उत्तर उरतं, आणि त्याच्या सुरुवातीला ‘मी’ लागतो. तो ‘मी’ साक्षीदाराचा असतो; वाक्य मात्र तिघांनी मिळून केलेलं असतं, आणि माझी बोटं धरली तर चौघांनी.

ही रीत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक हुंकार उतरवायचा तर खटला नातवंडांच्या हाती सोपवावा लागेल. आणि जिथे नेमक्या शब्दांवर सगळं अडलेलं असतं तिथे जाणते न्यायाधीश ‘प्रश्न-उत्तर असंच घ्या’ म्हणून सांगतात. पण एकदा ही रीत आतून पाहिली की साक्षीकडे पाहण्याची नजर बदलते. साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिलं तो, असं आपण धरून चालतो. माझ्या लेखी पाहणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पाहतात पुष्कळ जण. साक्ष तयार होते ती कुणीतरी विचारल्यावर, आणि विचारणारा त्यात अर्ध्या वाट्याचा भागीदार असतो. त्याचं नाव मात्र खाली कुठे येत नाही.

उलटतपासणीत तर हे उघडंच दिसतं. तिथली वाक्यं अशी असतात: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, पोलिसांच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे.’ आपणहून असं कोण बोलतं? हे वाक्य पूर्णपणे वकिलाचं असतं. साक्षीदार फक्त ‘नाही’ म्हणालेला असतो, तेही कधी कधी नुसती मान हलवून. नोकरीच्या सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढे वाटायला लागलं की कागदावर निदान इथे तरी प्रश्नाची सावली राहते. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच बाजूचा वकील विचारतो तेव्हा, तीही राहत नाही.

एकदा मी स्वतः पिंजऱ्यात उभी राहिले, दुसऱ्या कोर्टात. दोन गाड्यांची धडक झाली होती आणि मी फुटपाथवर होते. मला या खेळाचे सगळे नियम पाठ होते, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. वकिलांनी विचारलं, गाडी किती वेगात होती? मी म्हटलं, सांगता येणार नाही. ते म्हणाले, ‘अंदाजे?’ मी पुन्हा म्हटलं, अंदाज नाही. ते हसले आणि म्हणाले, ‘बाई, चालत्या माणसापेक्षा तर जास्त होता ना? सायकलपेक्षा?’ हो म्हणणं भाग होतं. तिसऱ्या पायरीवर ते कुठे पोचणार होते हे मला दिसत होतं, आणि तरीही पायऱ्या चढत जाण्याची एक ओढ लागते. समोरचा माणूस सभ्यपणे काही विचारतो आहे, सगळे थांबले आहेत, आणि आपल्याकडे द्यायला काही नाही, ही अवस्था फार अवघड असते. रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा माणूस काहीतरी देऊन टाकतो. मी अंदाजाचा आकडा दिला नाही, पण का देतात ते त्या दिवशी कळलं. आणि आकडा दिला की ‘अंदाजे’ हा शब्द दुसऱ्या दिवशीपर्यंतही टिकत नाही, हे मी खालच्या टेबलावरून कितीदा पाहिलं होतं.

वेगाच्याच प्रश्नावर एक गाजलेला प्रयोग आहे. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत 45 विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? फक्त ‘आदळल्या’च्या जागी वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी क्रियापदं दिली. सगळ्यात जोरकस क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी 40 मैलांहून थोडा जास्त वेग सांगितला. ‘एकमेकींना लागल्या’ अशा मवाळ भाषेत ज्यांना विचारलं त्यांनी 31.8. फिल्म त्याच. मला जास्त अस्वस्थ करतो तो त्यांचाच दुसरा प्रयोग. त्यात 150 जण होते. आठवड्याने त्यांना परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. जोरकस क्रियापदाच्या गटातल्या 50 पैकी 16 जणांनी काच दिसल्याचं सांगितलं. ज्यांना वेगाबद्दल काही विचारलंच नव्हतं अशा 50 मध्ये फक्त 6 जणांनी. म्हणजे प्रश्नातला एक शब्द आठवडाभर आत राहिला आणि त्याने काच फोडली. यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. त्यांना शपथ दिली असती तरी उत्तर तेच आलं असतं.

शपथेचा उपयोग खोटं बोलणाऱ्याला रोखण्यापुरता. खरं बोलतोय असं ज्याला मनापासून वाटतं त्याच्यावर शपथेचा काय परिणाम होणार? आणि मी ऐकलेल्या साक्षीदारांत ही जात मोठी होती. फितूर झालेले, पढवलेले, पैसे घेतलेले, हे लगेच ओळखू येतात. पढवलेला साक्षीदार तारीख-वार घडाघडा सांगतो आणि त्या दिवशी पाऊस होता का विचारलं की वकिलाकडे बघतो. खरी पंचाईत खात्रीने बोलणाऱ्या प्रामाणिक माणसाची असते.

रोनाल्ड कॉटनचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. 1984, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. एका विद्यार्थिनीवर रात्री घरात घुसून बलात्कार झाला. अत्याचार चालू असतानाही तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा निरखला, पुढे ओळखता यावा म्हणून. इतका सजग साक्षीदार शोधून सापडायचा नाही. तिने फोटोंतून कॉटनचा फोटो निवडला, मग ओळखपरेडमध्येही त्यालाच. त्यानंतर पोलिसांनी तिला सांगितलं की फोटोतून निवडलेला माणूस हाच. बस, एवढंच. मला नेहमी वाटतं, ते बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. हादरलेल्या मुलीला धीर द्यावा एवढाच हेतू असेल. पण फोटो पाहताना जी घुटमळ होती ती त्या एका वाक्याने पुसली गेली. 1985 मध्ये कॉटनला शिक्षा झाली. 1987 मध्ये खटला पुन्हा उभा राहिला तेव्हा ज्याच्यावर बचावपक्षाचा संशय होता अशा बॉबी पूल नावाच्या दुसऱ्या कैद्याला कोर्टात तिच्यासमोर आणलं. तिने सांगितलं, याला मी कधी पाहिलेलं नाही. 1995 मध्ये डीएनए तपासला, तो पूलचा निघाला. कॉटनची दहा वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती. पुढे तो आणि ती स्त्री दोघं मिळून ओळख पटवण्याच्या पद्धती सुधाराव्यात म्हणून जागोजागी बोलत राहिले. हा भाग ऐकून लोक गहिवरतात. मला मात्र त्या पोलिसाचं वाक्य सोडवत नाही. ते कुठल्याही जबाबात नसतं.

अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या माणसांच्या खटल्यांचा हिशेब मांडला तर दोन-तृतीयांशाहून जास्त खटल्यांत प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख सापडते. त्यातून काही शहाणपण आलं. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोण ते माहीत नसावं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून इशारा जाणार नाही, हा नियम न्यू जर्सी राज्याने 2001 मध्ये आणला. ‘आरोपी यात असेलच असं नाही’ हे साक्षीदाराला आधी सांगायचं. निवड केल्या केल्या, दुसरं कुणी काही बोलायच्या आत, खात्री किती आहे ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. या सगळ्या सुधारणा नीट पाहिल्या तर त्यात साक्षीदाराला सुधारण्याचा प्रयत्न नाही. विचारणाऱ्याला आवर घातलेला आहे.

लहान मुलांबाबत हे दसपट लागू. कॅलिफोर्नियातला मॅकमार्टिन बालवाडीचा खटला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या 1983 च्या तक्रारीतून सुरू होऊन 1990 पर्यंत रखडला आणि कुणालाच शिक्षा झाली नाही. सुरुवातीला ‘असं काही झालं नाही’ म्हणणाऱ्या मुलांना विचारणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा, वळवून वळवून विचारलं होतं. आमच्या कोर्टात मूल साक्षीला आलं की साहेब आधी त्याला खरं-खोटं कळतं का ते पाहतात. एकदा एका मुलीला साहेबांनी विचारलं, ‘खोटं बोललं तर काय होतं?’ ती म्हणाली, ‘कोण बोललं त्यावर आहे.’ साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘साक्षीदारास सत्य-असत्याची जाण असल्याचे दिसून येते.’ मी टाइप केलं. तिचं मूळ उत्तर कागदावर कुठेही नाही.

अशी कितीतरी उत्तरं. एक आजी होत्या, त्यांना घटना सांगायची तर सकाळपासून सुरुवात करावी लागे: नळाला पाणी उशिरा आलं, म्हणून कपडे उशिरा भिजवले, म्हणून त्या वेळी दारात होत्या. वकील दर दोन वाक्यांनी म्हणत, ‘आजी, विचारलंय तेवढंच सांगा.’ कागदावर आलं: ‘घटनेच्या वेळी मी दारात होते.’ गंमत म्हणजे उलटतपासणीत दुसऱ्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं, ‘त्या वेळी दारात असण्याचं कारण काय?’ तोवर आजींनी विचारलं तेवढंच सांगायचं हे शिकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, ‘उभी होते.’ निकालात लिहिलं गेलं की साक्षीदाराला आपल्या उपस्थितीचं समाधानकारक कारण देता आलं नाही.

माणसाला बोलू द्यावं, ही गोष्ट सांगायला अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांना संशोधन करावं लागलं. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन यांनी फ्लोरिडातल्या अनुभवी तपास अधिकाऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती ऐकल्या. साक्षीदार सांगायला लागला की सरासरी सात-आठ सेकंदांत त्याला तोडलं जात होतं. त्यांनी जी पद्धत सुचवली तिचा गाभा फार साधा: त्या जागी, त्या वेळी मनाने परत जाऊ द्या, जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने सांगू द्या, मध्ये बोलू नका. अशा मुलाखतीत बरोबर तपशील जास्त मिळतात, हे नंतर अनेक अभ्यासांत दिसलं. आजींचा नळ म्हणजे वायफळ बडबड नव्हती. त्या नळाला धरूनच त्या दारापर्यंत येत होत्या.

शॉर्टहँडमध्ये स्वर गाळतात, रेघ जाड की बारीक यावरून अक्षर बदलतं, हव्या तितक्या वेगाने बोला, उतरवता येतं. पण गप्प राहण्याला खूण नाही. साहेब क्वचित सांगतात, ‘साक्षीदार रडू लागली असे नमूद करा.’ एरवी उत्तराआधी गेलेला वेळ कुणीच नोंदवत नाही. त्याच वेळात माणूस काय करत असतो याचा एक भयंकर दाखला जेरुसलेममध्ये 1961 साली नाझी अधिकारी आइखमनवरच्या खटल्यात मिळाला. युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात फिर्यादी पक्षाचा भर मुख्यतः कागदपत्रांवर होता. इथे शंभराहून जास्त साक्षीदार उभे केले गेले. त्यांतला एक लेखक येहिएल दि-नूर. तो ऑशविट्झच्या नाझी छावणीबद्दल बोलू लागला, जणू तो वेगळाच ग्रह आहे, तिथला काळ वेगळा. बोलणं लांबत गेलं. सरकारी वकील नम्रपणे म्हणाले, काही प्रश्न विचारू का. न्यायाधीशांनीही त्याला थांबून ऐकायला सांगितलं. तो उठला आणि बेशुद्ध होऊन कोसळला. त्याची साक्ष तिथेच संपली. वकिलांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कोर्ट प्रश्नांवरच चालतं. पण काही माणसांजवळ जे असतं ते प्रश्नाच्या मापात बसत नाही, हेही खरं.

आणि विचारणाराच तयार नसेल तर? यान कार्स्की हा पोलिश भूमिगत चळवळीचा दूत. 1942 मध्ये तो चोरवाटेने वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, दोनदा जाऊन आला, पहारेकऱ्याच्या वेशात एका छावणीतही शिरला. हे सगळं त्याला मुद्दाम दाखवलं गेलं, बाहेर जाऊन सांगण्यासाठी. आपल्यासारखा तो योगायोगाने फुटपाथवर नव्हता. साक्षीदार व्हायलाच तो गेला होता. लंडनमध्ये त्याने सांगितलं. जुलै 1943 मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना सांगितलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांनाही भेटला. फ्रँकफर्टर स्वतः ज्यू. त्यांनी सगळं ऐकलं आणि विश्वास ठेवता येत नाही असं सांगितलं. शेजारी बसलेले पोलिश राजदूत भडकले तेव्हा त्यांनी खुलासा केला की हा तरुण खोटं बोलतो आहे असं माझं म्हणणं नाही, मला ते मानणं शक्य होत नाही. आयुष्य साक्षीपुरावे तोलण्यात गेलेला माणूस हा! साक्षीदार विश्वासार्ह, साक्ष सुसंगत, आणि तरी स्वीकारण्याची ताकद ऐकणाऱ्याकडे नाही. मी बरेच निकाल टाइप केले, पण इतकं प्रामाणिक आणि इतकं निरुपयोगी मत कुठे टाइप केल्याचं आठवत नाही. युद्धानंतर कार्स्की अमेरिकेत प्राध्यापक झाला आणि कित्येक दशकं या विषयावर जवळजवळ गप्प राहिला. 1978 मध्ये फ्रेंच चित्रपटकार क्लोद लान्झमान यांनी कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलं. पहिल्याच वाक्यांत तो उठून चौकटीबाहेर गेला. मग परत येऊन बसला आणि बोलला. लान्झमान थांबले होते.

वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगात 1996 पासून जे झालं त्यात माझ्या पेशाचा एक कोपरा आहे. सुमारे 21 हजार लोकांचे जबाब आले, त्यांतले दोनेक हजार जाहीर सुनावणीत बोलले, आपापल्या भाषेत. सुनावणीच्या पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष डेस्मंड टूटू टेबलावर डोकं ठेवून रडले. पण माझं लक्ष काचेच्या खोलीत बसलेल्या दुभाष्यांकडे जातं. नियमाप्रमाणे त्यांना प्रथमपुरुषी बोलावं लागे: मला मारलं, माझ्या मुलाला नेलं. दिवसभर दुसऱ्याचा ‘मी’ तोंडात घेऊन ते घरी जात, आणि त्याचा त्यांना फार त्रास झाला. मला निदान तो ‘मी’ फक्त बोटांतून जाऊ द्यायचा होता. तरीही काही वाक्यं रात्री जेवताना परत टाइप व्हायची.

ओळखीत कुणाला समन्स आलं की मला फोन येतो. मी फार काही सांगत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लावा. दोन प्रश्न एकात असतील तर तसं म्हणा. ‘अंदाजे’ला बळी पडू नका. ‘आठवत नाही’ आणि ‘पाहिलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, घाईत एकाच्या जागी दुसरं देऊ नका. आणि साहेब स्टेनोला जे सांगत असतात ते कान देऊन ऐका, कारण तुमची साक्ष म्हणजे तुम्ही बोललात ते नव्हे, ते सांगतात ती.

हे ऐकणारे फार थोडे. एक मजूर होता, बहुधा पहिल्यांदाच कोर्टात आलेला. सरतपासणी नीट चालली होती. साहेबांनी मला सांगितलं, ‘त्यानंतर आरोपी तेथून पळून गेला.’ मी अर्ध्यात होते तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, ‘साहेब, पळाला नाही. चालत गेला.’ सरकारी वकील म्हणाले, ‘अरे, म्हणजे निघून गेला ना?’ तो म्हणाला, ‘निघून गेला, पण चालत.’ साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, ‘चालत गेला, असं घ्या.’ सरकारी वकिलांचं तोंड उतरलं, कारण पळून जाणं त्यांच्या कामाचं होतं. बचावाचे वकील खूश झाले आणि उलटतपासणीत त्यांनी त्याला धरून आणखी पुढे न्यायचा प्रयत्न केला: ‘सावकाश? काही घडलंच नाही असा? म्हणजे त्याने काही केलं नव्हतं म्हणूनच ना?’ त्यावर तो म्हणाला, ‘ते त्याला विचारा. मी चालताना पाहिला.’